डिअरबॉर्नच्या लेबनीज उपाहारगृहात शाकाहारी आईबाबांना न्यायचंय, काय मागवू?

मृण्मयी_कँटन :
नमस्कार मंडळी. आई-बाबा जुलैमध्ये साताऱ्याहून येताहेत, पहिल्यांदाच. आम्ही मिशिगनमध्ये कँटनला राहतो, डिअरबॉर्न गाडीने पंचवीस मिनिटांवर. तिथल्या एका छोट्या लेबनीज उपाहारगृहात आम्ही दोघं चार वर्षं जातोय. दहा-बारा टेबलं, भिंतीवर गावाकडचे फोटो, आणि बसल्या बसल्या समोर येणारी गरम रोटी. इथला पहिला हिवाळा मी एकटीने काढला. बाहेर उणे पंधरा, नवरा दिवसभर ऑफिसात. त्या दिवसांत ती टम्म फुगलेली रोटी पहिल्यांदा समोर आली तेव्हा मला आईच्या तव्याची आठवण येऊन डोळे भरले होते. म्हणून आईला तिथे न्यायचंच आहे.

अडचण अशी की आम्ही दोघं सगळं खातो. त्यामुळे तिथलं शाकाहारी नक्की काय आणि वरवर शाकाहारी दिसणारं काय, हे मी कधी नीट पाहिलंच नाही. आई-बाबा अंडंसुद्धा खात नाहीत. कांदा-लसूण चालतो. बाबांना कडक चावत नाही. आईचा स्वभाव असा की मनात शंका आली की ती काही बोलत नाही, नुसता भात कालवत बसते. तसं व्हायला नको. काय मागवू, काय विचारू, अनुभव असतील ते सांगा.

रानजाई :
वाचतेय. सासूबाई सप्टेंबरात येणार आहेत, हाच प्रश्न मलाही पडणार आहे.

डेट्रॉईटकर_जुना :
मृण्मयी, बरोबर ठिकाणी विचारलंत. मी १९९६ पासून या भागात आहे. तेव्हा भारतीय जेवण मिळायला लांब जावं लागे आणि शाकाहारी माणसाला पोटभर जेवायला डिअरबॉर्नच जवळचं. माझे आईवडील तीनदा येऊन गेले, तिन्ही वेळा तिथे जेवले.

हमस (काबुली चणे आणि ताहिनी म्हणजे वाटलेले तीळ, यांचं गुळगुळीत वाटण), बाबा घनूश (भाजलेल्या वांग्याचं भरतासारखं), तबूले (पार्सलीची कोशिंबीर), फत्तूश (भाज्यांची कोशिंबीर, त्यात कुरकुरीत रोटीचे तुकडे), फलाफल (वाटलेल्या चण्यांचे तळलेले वडे), पालकाचे फतायेर (तिकोनी कचोरीसारखे, पण भट्टीत भाजलेले), मुजद्दरा (मसूर-तांदळाची खिचडी) आणि बटाटा हर्रा (तळलेला बटाटा, लसूण, कोथिंबीर, लाल मिरची). बहुतेक ठिकाणी एवढं शाकाहारी असतंच. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ताटं प्रचंड मोठी असतात. दोघांसाठीचं म्हणून जे येतं त्यात चौघं जेवून उरतं. म्हणून सगळं मधे ठेवून वाटून खा, तीच त्यांची मेझ्झेची पद्धत आहे. दोन, यादीत 'किब्बे नय्ये' दिसलं तर ते कच्चं मांस असतं, चुकून बोट ठेवू नका.

इथले बरेच लेबनीज दक्षिण लेबनॉनमधून आलेले, बिंत जबेल आणि आसपासच्या गावांतले. आधीची पिढी फोर्डच्या रूज कारखान्यात कामाला आली. १९७५ ते १९९० च्या यादवी युद्धात घरंदारं सोडून आणखी पुष्कळ आले. त्यामुळे इथलं जेवण हॉटेलछाप नाही, गावच्या घरातलं आहे. वॉरन अव्हेन्यूवरच्या 'अल अमीर'ला २०१६ साली जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा (ही खाद्यक्षेत्रातले मोठे पुरस्कार देणारी अमेरिकी संस्था) 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळाला. तो अशाच वर्षानुवर्षं गावाला जेवू घालणाऱ्या साध्या जागांना देतात.

शुभ्रा_ :
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. या जागांमध्ये शिरल्या शिरल्या शावर्माचा तो उभा खांब फिरताना दिसतो आणि भाजणाऱ्या मांसाचा वास सगळीकडे असतो. माझी आई अशा ठिकाणी पाणीसुद्धा पिऊ शकली नाही. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री घरी येऊन दही-भात खाऊन झोपली. आपल्याला आवडतं म्हणून आईवडिलांना न्यायचं, की त्यांना आवडेल म्हणून? मला वाटतं पार्सल आणावं, घरी आपल्या ताटात वाढावं. हमस तेच, आणि आई निवांत.

मृण्मयी_कँटन :
शुभ्रा, राग कसला, मला हीच भीती आहे. पण ती गरम रोटी घरी येईपर्यंत चामड्यासारखी होते. आणि रोटीच तर दाखवायची आहे.

निवृत्त_मास्तर :
मृण्मयीताई, मी तुमच्या बाबांच्या बाजूचा माणूस. वय ७१, मुलगा न्यू जर्सीत, मी जन्मापासून शाकाहारी. मुलाने आम्हाला असंच एका लेबनीज जागी नेलं होतं, म्हणून पाहुण्याच्या खुर्चीवरून चार शब्द लिहितो.

पहिलं, आधी सांगा. तिथे मांस शिजतं, दिसेल, वास येईल, हे घरीच स्वच्छ सांगा आणि मग विचारा, येता का. आम्हाला मुलाने सांगितलं होतं. हिने दोन दिवस विचार केला आणि स्वतःच म्हणाली, जाऊ. स्वतः ठरवून गेलेला माणूस आणि नेलेला माणूस, यांच्या जेवणात फार फरक असतो. शुभ्राताईंच्या आईला कदाचित दारात पोचल्यावरच कळलं असेल.

दुसरं, भट्टीकडे पाठ येईल अशी, शक्यतो खिडकीजवळची जागा मागा. दुपारी तीनच्या सुमारास जा, गर्दी नसते आणि वाढणाऱ्याला आपल्याशी बोलायला सवड असते.

तिसरं, आल्या आल्या सगळं गार आणि कच्चं समोर मांडू नका. पहिल्यांदा हमस, मग काकडी-टोमॅटो, मग तबूले म्हणजे कोथिंबिरीसारखा दिसणारा नुसता पाला, असं आलं तेव्हा मी मनात म्हटलं, जेवण कधी येणार? आमच्या पिढीला ताटात काहीतरी वाफाळतं लागतं. मसुराचं सूप आणि रोटी आधी येऊ दे. मग बाकीचं गोड लागतं.

शुभ्रा_ :
मास्तर, तुमचं पटलं. हो, आईला आम्ही आधी काही सांगितलं नव्हतं. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. सांगायला हवं होतं.

कोथिंबीर_वडी :
मास्तरांच्या सुपावर थांबवते. मसुराचं सूप म्हणजे साधी डाळ असं समजून मी दोन वर्षं पीत होते. एकदा सहज विचारलं तर ते चिकन उकडलेल्या पाण्यात शिजवलेलं होतं. सगळीकडे तसं नसतं, कित्येक ठिकाणी नुसतं पाणी, कांदा, जिरं आणि मसूर एवढंच असतं. पण विचारल्याशिवाय पिऊ नये. तसाच शेवया घातलेला भात. शेवया तुपात किंवा तेलात परततात, भात मात्र काही ठिकाणी चिकनच्या पाण्यात शिजवतात.

पांढरा लसणीचा 'तूम' मुळात लसूण, तेल, लिंबू, मीठ एवढ्याचाच, पण काही स्वयंपाकघरांत तो लवकर जमावा म्हणून अंड्याचा पांढरा बलक घालतात, कुणी सरळ मेयॉनीज मिसळतात. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या (वरक एनब) गरम आल्या तर बहुधा आत खिमा असतो, गार आणि तेलात निथळणाऱ्या असतील तर भात-टोमॅटो-पार्सलीच्या. फरसबी टोमॅटोत शिजवलेली असते, तिच्यातही कधी मटणाचे तुकडे असतात. हमस मागवताना 'साधा' म्हणा, वर मांस घातलेलाही मिळतो. फलाफल कुठल्या तेलात तळतात तेही विचारा, त्याच कढईत किब्बे (खिमा आणि दलियाचे वडे) तळत असतील तर तुमच्या आईला चालणार नाही.

'व्हेजिटेरियन आहे का?' एवढंच विचारू नका. 'हो हो, व्हेजिटेबल सूप' असं उत्तर येतं, आणि ते मनापासून देतात, कारण त्यांच्या लेखी मांसाचा तुकडा नाही म्हणजे झालं. 'चिकन ब्रॉथ आहे का, अंडं आहे का, तळायचं तेल वेगळं आहे का' असं सरळ विचारा. अगदी खरं सांगतात. एकदा तर आतून आचारी बाहेर येऊन सांगून गेला.

वाळवंटातला_मासा :
दुबईहून रामराम. इथे लेबनीज जेवण म्हणजे आपला वडापाव, कोपऱ्याकोपऱ्यावर. अठरा वर्षं खातोय.

एक शब्द शिकून ठेवा : 'बि झेत'. म्हणजे तेलातलं. लेबनॉनमधले मॅरोनाइट आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी उपास करतात, त्यात मांस वर्ज्य, आणि कडक पाळणाऱ्यांना दूध-अंडंही. त्यामुळे एक अख्खा उपासाचा स्वयंपाक तयार झालाय. लुबिये बि झेत (फरसबी), भोपळ्याचा किब्बे, बटाट्याचा किब्बे, मुजद्दरा. 'सियामी' म्हटलं की उपासाचं, आमच्या कार्यालयातला लेबनीज सहकारी असंच म्हणतो. आपल्या उपासाला साबुदाणा लागतो, त्यांच्या उपासाला मसूर. चतुर्थी करणाऱ्या आईला हे सांगून पाहा, तिला ते लोक परके वाटणार नाहीत.

आणि लबने विसरू नका. तो आपला चक्काच. दही फडक्यात टांगून पाणी काढलेलं, चिमूटभर मीठ, वर ऑलिव्ह तेल. माझ्या आईने पहिला घास घेतला आणि विचारलं, "यात साखर घालायला विसरले का?"

डेट्रॉईटकर_जुना :
मासेभाऊ, माहिती छान, पण एक दुरुस्ती. डिअरबॉर्नचे लेबनीज बहुतांश मुस्लिम आहेत, तिथे उपास म्हटलं की रमजान समजतील, आणि रमजानच्या उपासात सूर्यास्तानंतर मांस चालतंच. 'सियामी' म्हणून गोंधळ होईल. 'बि झेत' मात्र सगळ्यांना कळतं.

मुजद्दरा ख्रिस्ती आणि मुस्लिम दोघांचाही. दक्षिणेकडची लोकं तो तांदळाऐवजी दलियात करतात आणि कांदा जवळजवळ काळा होईपर्यंत परततात, त्याने सगळी खिचडी तांबूस होते. म्हणून त्याला 'हमरा', लाल, म्हणतात. तो मिळाला तर सोडू नका. सोबत दही मागा. बाबांना चावायचा त्रास नाही, आईला मसुराची खिचडी ओळखीची.

वाळवंटातला_मासा :
मान्य. दुबईत सगळीकडचे लेबनीज भेटतात, म्हणून तो फरक माझ्या ध्यानात आला नाही.

कोथरूडचा_कावळा :
अवांतर विचारतो. पुण्यात शावर्म्यात भरभरून मेयॉनीज घालतात. वर कोथिंबीर_वडी म्हणतात तो तूम म्हणजे तेच का? आणि घरी जमतो का? मी दोनदा केला, दोन्ही वेळा तेल वेगळं, लसूण वेगळी.

कोथिंबीर_वडी :
तेच नाही. मेयॉनीज अंड्यावर उभं असतं, तूम लसणीवर. लसूण वाटली की तिच्यातल्या पाण्यात तेल अगदी बारीक थेंबांनी अडकून राहतं आणि पांढरीशुभ्र साय तयार होते.

तुमचं तेल बहुधा भराभर पडलं. साधारण एक वाटी लसूण, तीन ते चार वाट्या तेल. पाकळी उभी चिरून आतला हिरवा कोंब काढून टाका, नाहीतर कडू होतं. लसूण आणि मीठ आधी अगदी गुळगुळीत वाटा. मग तेलाची केसासारखी बारीक धार, यंत्र चालू ठेवून, मधेमधे लिंबाचा रस. पुन्हा तेल, पुन्हा लिंबू. दहा मिनिटं तरी लागतात. ऑलिव्ह तेल नको, कडवटपणा येतो, सूर्यफुलाचं घ्या. फुटलाच तर टाकू नका, थोडी नवी लसूण वाटून त्यात तो फुटलेला तूम थेंबाथेंबाने घाला, पुन्हा जमतो.

कोथरूडचा_कावळा :
रविवारी करतो आणि कळवतो. हिरवा कोंब काढायचा हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सिडनीची_सई :
माझ्या शेजारी लेबनीज कुटुंब आहे. आजीला सगळे 'तेता' म्हणतात, मीही म्हणते. तिच्याकडून शिकलेलं सांगते.

आपण ज्याला सरसकट बाबा घनूश म्हणतो, म्हणजे भाजलेलं वांगं आणि ताहिनी, त्याला तेता मुतब्बल म्हणते. तिच्या बाबा घनूशात भाजलेल्या वांग्यात टोमॅटो, कांदा, पार्सली, लिंबू आणि दाटवलेला डाळिंबाचा रस असतो, ताहिनी नसते. अमेरिकेत बाबा घनूश मागवलं तर बहुधा ताहिनीवालंच येईल. पण बाबांना खानदेशी भरीत आवडत असेल तर दोन्हीतलं काहीही आवडेलच, विस्तवावर वांगं भाजल्याचा तो वास तोच आहे. तेताने माझ्या हातचं भरीत खाल्लं तेव्हा तिने मिरची काढून ठेवली आणि बाकीचं पुसून खाल्लं.

आणि सुमाक! फत्तूशवर जो आमसुली रंगाचा चुरा भुरभुरतात तो. वाळवलेल्या आंबट फळांची पूड. मला कोकमाची आठवण येते, आंबटपणा तसाच मऊ, लिंबासारखा टोचत नाही. फत्तूशात खरी भाजी असते ती 'बकले', म्हणजे आपला घोळ! हो, पावसाळ्यात शेतात उगवणारा, आजी डाळ घालून करायची तो घोळ. तेताच्या परसात तो वाढलेला बघून मी तिथेच ओरडले होते.

माझी मुलगी झाली तेव्हा तेता वाट्या भरून 'मेघली' घेऊन आली. तांदळाचं पीठ, शहाजिऱ्यासारखं कॅरवे, दालचिनी, साखर, तासभर ढवळून शिजवलेलं, वर भिजवलेले बदाम, अक्रोड आणि खोबरं. बाळंतीण आणि भेटायला येणारे सगळे खातात. इकडे आई अळिवाचे लाडू करत होती. दोघींनी एकमेकींच्या वाट्या रिकाम्या केल्या, एकही शब्द एकमेकींना न कळता.

रानजाई :
सई, घोळाचं वाचून अंगावर काटा आला. विदर्भात आम्ही आठवड्यातून एकदा तरी खायचो.

सोलापुरी_चटणी :
हमसबद्दल कुणीच भांडत नाही, हा धागा फारच शांत आहे. माझं मत स्पष्ट आहे : डब्यातल्या चण्याचा हमस म्हणजे हमस नव्हे. काबुली चणे रात्रभर भिजवून, चिमूटभर सोडा घालून, बोटांनी चुरडले जातील इतके शिजवायला हवेत. ज्या जागी हमस खरखरीत येतो तिथे मी दुसरं काही मागवत नाही. लेबनॉन यात किती मनापासून आहे बघा, २०१० साली त्यांनी १०,४५२ किलो हमसचा विक्रम केला. आकडा उगाच नाही, देशाचं क्षेत्रफळच १०,४५२ चौरस किलोमीटर. देशाच्या जमिनीइतका हमस!

डेट्रॉईटकर_जुना :
डब्याच्या चण्याबद्दल असहमत. दिवसाला दोनशे माणसं जेवतात तिथेही चांगला हमस खाल्लाय मी, आणि मागे डब्यांचे खोके रचलेले दिसत होते. ताहिनी ताजी असली आणि चणे पुन्हा उकळले की काम होतं. खरी परीक्षा ताहिनीची. जुन्या तिळाचा कडवटपणा कशानेही जात नाही.

सोलापुरी_चटणी :
ताहिनीचं मान्य. चण्याचं नाही.

वाळवंटातला_मासा :
सकाळची वेळ जमत असेल तर मृण्मयी, बेकरीत जा. मनाईश! पीठ लाटून वर झातर आणि तेल फासून भट्टीत भाजलेला. झातर म्हणजे ओव्याच्या वासाच्या जवळ जाणारी रानवनस्पती, तीळ, सुमाक आणि मीठ. ओवा-तिळाची चटणी तेलात कालवून भाकरीवर लावावी तसा. लेबनॉनची ही मनाईश २०२३ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. माझा सहकारी सांगतो, परीक्षेच्या दिवशी आई झातर खायला घालायची, डोकं चालतं म्हणून. आपल्याकडे दही-साखर हातावर ठेवतात तसंच. पूर्ण शाकाहारी, समोर फक्त पीठ आणि भट्टी, शावर्म्याचा खांबही नाही. शुभ्राताईंच्या आईंनाही चालेल.

शुभ्रा_ :
ही खरी चांगली सूचना. पुढच्या वेळी आई आली की हेच करणार.

तेजू :
गोड कुणीच सांगितलं नाही! वॉरन अव्हेन्यूवर 'शतीला' बेकरी आहे, तिथे आईस्क्रीमही मिळतं, बकलावा (पातळ पापुद्र्यांची सुक्यामेव्याची मिठाई) तर विचारूच नका. अश्ता म्हणजे आपली साय समजा, गुलाबपाणी आणि संत्र्याच्या फुलाचं पाणी घातलेली. बाबांना चहा-कॉफी रात्री नको असेल तर 'अहवे बैदा' मागा. नाव पांढरी कॉफी, पण कॉफी नाहीच, गरम पाण्यात संत्र्याच्या फुलाचं पाणी.

दिवस असा आखा : सकाळी हेन्री फोर्ड म्युझियम (गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स ज्या बसमध्ये बसल्या होत्या ती तिथे आहे, बाबांना दाखवाच), तीन वाजता जेवण, मग शतीला. वेळ उरला तर मिशिगन अव्हेन्यूवर अरब अमेरिकन नॅशनल म्युझियम, २००५ मध्ये सुरू झालंय. जेवायच्या आधी ते पाहिलं तर समोर वाढणारी माणसं कुठून कशी आली हे कळतं.

मृण्मयी_कँटन :
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोनवर सगळं सांगितलं, मांस शिजतं हेसुद्धा. ती म्हणाली, "तुझ्या त्या रोटीसाठी येईन, बाकी तिथे बघू." काल मी एकटी जाऊन मालकीणबाईंशी बोलून आले. सूप पाण्यातलं आहे, भात चिकनच्या पाण्यातला आहे (चार वर्षं खातेय!), तूममध्ये अंडं नाही, फलाफलची कढई वेगळी. जाऊन आल्यावर लिहीन.

(पाच आठवड्यांनी)

मृण्मयी_कँटन :
जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, माफ करा.

मास्तर, दुपारी तीन, खिडकीजवळची जागा, आधी सूप, सगळं तुमच्या शब्दाप्रमाणे केलं. दारात वास आलाच. आईने पदर नाकाला लावला नाही, पण माझा हात धरला. बसलो आणि रोट्या आल्या, चार, फुग्यासारख्या. आईने एकीला बोट लावलं, वाफ बाहेर आली, आणि ती बाबांना म्हणाली, "अहो, हा तर फुलका." मग तिने ती रोटी चौघांना मोडून दिली, घरी देते तशी.

सूप बाबांनी दोन वाट्या प्यायलं. लिंबू पिळून घ्या म्हणून मालकीणबाईंनी स्वतः येऊन दाखवलं. मुजद्दरा आईने दह्यात कालवून खाल्ला आणि म्हणाली कांदा थोडा करपलाय. मी डेट्रॉईटकरांचं सांगितलं की तो तसाच करायचा असतो, तर तिला काही पटलं नाही. तबूले दोघांनाही आवडलं नाही. बाबा म्हणाले, पाल्याला फोडणी हवी होती. हमस ठीक. वांगं मात्र पुसून संपलं, पुन्हा मागवावं लागलं. तूमला आईने चमच्याचं टोक लावलं आणि मला विचारलं, "ही लसूण घरी करता येते?" कोथिंबीर_वडी, तुमची कृती तिला वाचून दाखवली, ती वहीत उतरलीय, हिरव्या कोंबासकट.

निघताना मालकीणबाई 'सहतेन' म्हणाल्या, म्हणजे दोनदा आरोग्य लाभो. आईने मला अर्थ विचारला आणि मग त्यांच्याकडे बघून मराठीतच म्हणाली, "तुम्हालाही." त्यांनी आईच्या दोन्ही गालांना गाल लावले. साताऱ्यात कुणी असं केलं असतं तर आई चार पावलं मागे सरली असती.

शुभ्रा, पार्सलही आणलं आठवड्याने. बाबांनी रोटी हातात धरली आणि म्हणाले, "ही ती नव्हे."

निवृत्त_मास्तर :
ताई, वाचून फार बरं वाटलं. हात धरला हे लिहिलंत ते बरं केलंत.

शुभ्रा_ :
रोटीच्या बाबतीत माघार घेते. आईला एकदा विचारूनच पाहीन आता.

कोथरूडचा_कावळा :
कळवायचं राहिलं. तूम जमला. चौथ्या प्रयत्नात. घरात तीन दिवस सगळ्यांशी लांबून बोललो.

मृण्मयी_कँटन :
एक शेवटचं विचारायचं राहिलं. फत्तूशात आईने घोळ ओळखला! काट्याने एक देठ वर काढून म्हणाली, "हा इथे कसा?" सईचा प्रतिसाद वाचून दाखवल्यापासून तिला एकदा तो आणून मसुराच्या डाळीत करायचाय. परत जायला बारा दिवस उरलेत. इथे कुठे मिळेल?

डेट्रॉईटकर_जुना :
वॉरनवरच्या अरबी किराणा दुकानांत उन्हाळ्यात येतो. पार्सलीच्या जुड्यांशेजारी बघा, 'बकले' म्हणून विचारा. नाहीतर आमच्या घरामागे वाफ्यात आपोआप उगवलाय, शनिवारी या, आईंना स्वतः खुडू दे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.